ओळ एकसष्ट

साठनंतर थेट बासष्ट आली
तेव्हा वाटलं, डोळे थकले.
वालदेवीवरच्या पादचारी पुलाची फाइल,
नाव : पूल_अंतिम_अंतिम_खरी_३.
याआधीची ‘खरी’ पगारसाहेबांच्या पेनड्राइव्हवर,
त्याआधीची ठेकेदाराच्या पुतण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर,
आणि पहिली कुठे आहे
हे ज्यांना ठाऊक, त्यांची बदली नवापूरला.

मी कंत्राटी. उज्ज्वला बेंडकुळे, संगणक चालक.
मोजमाप पुस्तिकेतली निळी शाई इकडे आणते.
तिथे खाडाखोड केली तर दिसायची,
शेजारी आद्याक्षरी लागायची.
इथे सातचे सतरा झाले तरी
चौकट कोरी करकरीत,
बोट कुणाचं होतं, सांगत नाही.

तारखांचं तर विचारूच नका.
मी लिहिलं तीन सात.
एक्सेलनं वाचलं सात मार्च.
म्हणजे खांब तीन उन्हाळ्यात ओतला, नदी कोरडी ठाक.
रंगनाथ मुकादम म्हणतो, ताई,
कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो आम्ही, पंप बंद पडलेला.
आता मुकादमाची कंबर
कुठल्या रकान्यात भरू?

गोदावरीचं बरं आहे.
गंगापूर धरणातून पाणी सोडलं की
अख्खं नाशिक एकच विचारतं :
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
गुडघा म्हटलं की गुडघा.
छाती म्हटलं की सराफ बाजार आवरायला लागतो.
मारुतीची दुसरी प्रत नाही.
त्याची कंबर लपवून
कुणी बेरीज जुळवत नाही.

उजवं बटण. अनहाइड.
एकसष्ट वर आली.
कोपऱ्यात टिकलीएवढा लाल त्रिकोण,
त्यावर बाण नेला तर अक्षरं :
‘खांब ३. दक्षिण बाजूला पाया खडकाला लागलेला नाही.
मुरूम आहे. पुन्हा पाहणे. अहिरराव.’

पंधरा महिने हे वाक्य तिथं बसून होतं.
छापलं तर छापलं जात नाही.
पडद्यावर दाखवलं तर दिसत नाही.
बेरजेलाही पत्ता नाही,
तिला साठपर्यंतच मोजायला शिकवलेलं.

पगारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला,
घातला, पुन्हा काढला.
वाईट माणूस नाही.
आईच्या डायलिसिसच्या तारखाही ते
अशाच एका शीटमध्ये ठेवतात.
म्हणाले, तीनला बैठक आहे. सिंहस्थाची कामं.
काल मी शंभर टक्के पाठवलंय. हिरवं.
मग जरा वेळानं, स्वतःशीच :
अहिररावनं फोन का नाही केला?

अहिररावांनी लिहिलं होतं, साहेब.
जिथं लिहायला सांगितलं होतं
तिथंच लिहिलं होतं.

पावणेतीनला मी फाइल पाठवली,
एकसष्ट उघडी, हळदीसारखी पिवळी.
तीनला पडद्यावर कालचीच उघडली.
हिरवीगार.
कुणीतरी म्हणालं, छान. पुढचा पूल.
चहा आला.

संध्याकाळी घरी न जाता विहितगावला उतरले.
पुलावरून पोरं सायकली नेत होती,
एक बाई भाजीची पाटी कठड्यावर टेकवून
फोनवर कुणाला तरी रागवत होती.
खाली खांब तीन.
त्यावर केसासारखी एक भेग,
आणि तिच्या टोकाशी ऑइलपेंटची बारीक रेघ.
त्यावर दुसरी. त्यावर तिसरी.
प्रत्येक रेघेशी रंगनाथच्या वाकड्या अक्षरात तारीख :
१० जून. २ ऑगस्ट. काल परवाची ओली.
महिने अक्षरांत लिहिलेले.

मी फोटो काढला.
मग तो ठेवू कुठे,
हा विचार करत
पुलाखालीच उभी राहिले.