कळ

पहिल्या आठवड्यात यंत्रानं लिहिलं होतं:
'मला सांजेपासून कला येतात.'
वर्ग: शिक्षण व छंद.
तातडी: नाही.

फोन सडेवाडीच्या रसिका जुवाटकरचा.
नववा लागलेला, खाडीला सुकती,
होडी गाळात टेकलेली,
आणि ती म्हणाली होती स्वच्छ,
कुडापलीकडल्या शेजारणीला ऐकू जाईल इतकं स्वच्छ,
'माका सांजेपासून कळा येतत.'

यशोदा खवणेकरांनी यंत्राला विचारलं नाही.
आशाताईंना आवाज नुसता कानावर पडला
आणि त्यांनी तांडेलाच्या दारावर दगड हाणला.
मुलगी झाली. बरी आहे.
यंत्राच्या नोंदीत ती अजून छंदच आहे.

तेव्हापासून मी इथे,
देवगडात, आरोग्य केंद्रामागच्या खोलीत,
जिथे आधी मच्छरदाण्यांचे गठ्ठे असत.
कानाला हेडफोन. ऐकायचं,
जे ऐकू आलं ते लिहायचं,
वाक्याला दीड रुपया.

नाझनीन मुकादम, इंजिनिअर, दाभोळची,
म्हणते, यंत्राचा दोष नाही गं,
ते ज्यांचं ऐकत वाढलं
त्यांच्या तोंडात ळ नव्हता.
म्हटलं, मग पाजणाऱ्यांचा आहे.
हसली. आणखी एक चहा सांगितला.

मग आम्ही ळ गोळा करत फिरलो.
लिलावाच्या गलक्यात, माशांच्या टोपल्यांवर वाकून:
सौंदाळे, काळुंद्र, कोळंबी, मुळे,
जाळं, वाळू, झावळ.
चंद्रभागा मयेकरांना दात नाहीत,
माईक धरला तर शिव्याच दिल्या.
त्यांतही ळ होते. ठेवल्या.

पण अक्षर आलं म्हणून शब्द येत नाही.
यंत्राला एकेक उदाहरण लिहून द्यावं लागलं.
कळ: भिंतीवरची, दाबली की दिवा लागतो.
कळ: ओटीपोटातून उठून कमरेला जाते ती.
कळ: जी जावा लावतात, आणि भाऊबंद.
कळणं, समजणं.
आणि कळ काढणं?

इथे मी हेडफोन उतरवला.
आईनं काढली होती.
दोन रात्री आणि मधला दिवस,
उगाच कशाला लोकांची झोपमोड, म्हणत.
घरात फोन होता, चार्ज केलेला,
देव्हाऱ्याशेजारी.
हे उदाहरण देता येत नाही.
याची फाईल नाही. आवाजच नाही.

आता ते बरंच ओळखतं,
शंभरात एक्क्याण्णव.
जिल्ह्याहून साहेब आले, फोटो झाले.
मी उरलेल्या नवांत बसते.

परवा पहाटे एक आला, एक्केचाळीस सेकंदांचा.
शब्द नाही.
लांबवर भरती,
भांडं खाली ठेवल्याचा आवाज,
काकणं, एकदाच,
मग श्वास, आत घेतलेला
आणि बराच वेळ बाहेर न आलेला.
यंत्रानं लिहिलं: रिकामे.

मी यशोदाताईंना नंबर सांगितला,
मग पुन्हा ऐकत बसले.
नाझनीन मागे येऊन उभी राहिली.
'यात शब्द कुठाय?'
'नाहीये.'
'मग लिहिणार काय?'

वर्गांच्या यादीला खाली एक ओळ वाढवली:
कळ, काढलेली.
तातडी: होय.

नाझनीननं ते खोडलं नाही.
खिडकीतून खाली जेटी दिसते.
तांडेलानं इंजिनाची दोरी ओढली,
लागलं नाही.
पुन्हा ओढली.
तिसऱ्यांदा लागलं.