पानगळीपर्यंत

राउटर तीनदा बंद-चालू केला, वायर बदलली,
लाल दिवा काही हिरवा होईना.
तेलावीहून इतक्या लांब आलो होतो,
शेवटी शिडी लावून छपरावर चढलो.
टेकडीवरचा टॉवर आणि नानुलीबाईंची डिश
यांच्या बरोब्बर मध्ये
अक्रोड, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पालवलेला.

"हिवाळ्यात छान चालायचं," त्या खालून ओरडल्या,
"लेकाच्या दाढीतला पांढरा केससुद्धा दिसायचा."

चालणारच. तेव्हा पानं कुठं होती?

"एक फांदी उतरवू? दोन मिनिटांचं काम."
त्यांनी कोवळ्या हिरव्या फळांकडं पाहिलं,
मग फोनवर थिजलेल्या चेहऱ्याकडं,
तोंड अर्धं उघडं.

"मुरब्बा व्हायचाय अजून.
ऑक्टोबरात बोलेन त्याच्याशी."

फॉर्मवर लिहिलं: बिघाड नाही.
मी उतरेपर्यंत
शिडी त्यांनी धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी.