चाल

हल शहरातले टेलिफोनचे खोके लाल नाहीत,
सायीच्या रंगाचे आहेत.
बाकी देशाहून वेगळं, एवढीच त्यांची मिजास.

विल्फ स्टॅथर्स, वय अठ्ठ्याहत्तर,
उजवा खुबा नवा, डावा स्वतःचा.
तीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस
दोन दांड्यांमध्ये उभा राहिला आणि म्हणाला,
जमीन जरा जास्तच स्थिर आहे, नाही?

मी पावलं मोजते. पोटापाण्याचा धंदा.
टाच, चवडा, टाच, चवडा,
माणूस वजन कुठे चोरतो ते बघायचं.
तो मोजायचा नाही, गुणगुणायचा.
आकडे विसरतो गं, गाणं नाही.
मग गाण्यावरच चालायचं ठरलं
आणि आठव्या आठवड्यात आमंत्रण आलं:
गुरुवारी पबमध्ये गातो. ये.

हेसल रोडवर, माशांच्या जुन्या गोदामामागे.
चिप्सवर लाल तिखट भुरभुरलेलं.
त्यानं काठी माईकच्या दांड्याला टेकवली
आणि ते गाणं धरलं, जे म्हणे इथं सगळ्यांना पाठ,
लग्नात, सहलीच्या बसमध्ये, मॅच हरल्यावर तर हमखास.
मला नव्हतं. मी मिरजेची.
आमच्या गल्लीत भोपळे वाळायचे, तारा ताणल्या जायच्या,
हे गाणं आमच्या बाजूला फिरकलंच नाही.

म्हणून मी पहिल्यांदा ऐकलं ते विल्फकडून.
सावकाश.
दोन शब्दांमध्ये एक ग्लास विसळून व्हावा इतकं.
आणि धृपदात, जिथे मुलीचं नाव येतं,
तिथे तो थांबला.
दोन मात्रा. एक बारीक खोकला.
मग पुढची ओळ.

विसरला, मी म्हटलं.
बारवरची शँटेल म्हणाली, छे.
ते नाव डोरीन ओरडायची,
तिथून, डार्टबोर्डखालून,
बेसूर, आणि दर वेळी अर्धी मात्रा आधीच.
चार वर्षं झाली.
बाकीचे लोकही तिथे गप्प बसतात, बघ.

नंतर कधीतरी सुपरमार्केटात, गोठवलेल्या मटारापाशी,
छतातून तेच गाणं सांडलं.
शाळा सुटल्यासारखं धावत,
दप्तरं आपटत, नाव ठणकावून घेत.
मला रागच आला.
कुणी केली ही विल्फची नक्कल?
इतकी घाई? आणि ती जागा अशी बिनदिक्कत भरून टाकली?
घरी येऊन शोधलं:
हे पहिलं. छप्पन्न वर्षांपूर्वीचं.
पटलं, पण कानाला नाही पटलं.
अजूनही ते लागलं की वाटतं
पोरगा बरा गातो, जरा दम धरायला शिकला पाहिजे.

विल्फला सांगितलं, आमच्या भाषेत
गाण्याची ती चाल आणि माणसाची तीही चाल.
म्हणजे तू महिनाभर माझं गाणं दुरुस्त करत होतीस?
हसता हसता खोकला, खोकता खोकता बसला.
शेवटच्या अहवालात मी लिहिलं:
उजव्या पायावर किंचित थांबतो.
उपचाराची गरज नाही.

मार्चमध्ये त्याचा गुरुवार चार पोरांकडे गेला.
विल्फ आता बहिणीकडे, ब्रिडलिंग्टनला,
जिन्याशिवायच्या घरात.
पोरांनी गिटारी इतक्या जोरात लावल्या की माझ्या चिप्स हलल्या.
तेच गाणं. मुळाहूनही वेगात,
ड्रमवाला तर बोट बुडत असल्यासारखा.
धृपद आलं
आणि चौघंही एकदम थांबली.
दोन मात्रा.
मग गाणाऱ्या पोरानं,
वय जेमतेम वीस, फुप्फुसं धडधाकट,
माईकपासून तोंड किंचित वळवून
बारीक खोकला काढला.

बाहेर तो सिगारेट वळत होता, मी विचारलं,
तो खोकला का?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
सा नंतर रे का येतो असं विचारल्यासारखं.
गाण्यातच आहे ना तो, म्हणाला.