साडेबारा टक्के

घोटच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात
चांगुणाबाई घरत सुपात झटकते देवभाताच्या लोंब्या.
पूर्वी हात लागायच्या आधीच झडायचं, म्हणते.
हिरवं असतानाच गाठी मारून ठेवायच्या,
दव सुटायच्या आत यायचं, चोरासारखं,
तरी निम्मं चिखलाला.
आता बघ,
धरून ठेवतं.

मी पाकिटावर लिहिते :
कुसळ आखूड. गळ कमी. दाणा फिका,
जो असायला हवा होता
करवंदाच्या डागाएवढा तरी लाल.

भात फुलतं सकाळी दहाच्या सुमाराला,
तासाभरात मिटतं.
पराग जगतो चार-पाच मिनिटं.
तेवढ्यात बांध ओलांडायचा.

"झिणी," ती म्हणते. मी विचारलंही नव्हतं.
"बांधापल्याड सासऱ्याची झिणी होती.
शिजली का आख्ख्या आळीला कळायचं."
बांध कुठे होता, ते ती सुपानंच दाखवते :
दुसऱ्या टॉवरच्या पार्किंगची कड,
वॉचमन खुर्ची टाकून बसलाय तिथे.
बियाणं?
पहिला चेक आला त्या वर्षी पेरलंच नाही.
दुसऱ्या वर्षी कणगीत उंदीर.

पाकिटाच्या पाठीवर मी हिशोब मांडते.
पहिल्या पोटी झिणी अर्धी.
मग तळ्याशीच सोयरीक, उरली पाव.
पुन्हा तळ्याशीच.
"साडेबारा टक्के," मी म्हणते.
ती सूप हलवायची थांबते.
"भातालाही सिडकोनंच दिलं काय?"
आणि हसते, इतकं, की बगळा उठतो.

मग एकदम गंभीर :
"ऋषीपंचमीला चालंल ना पण यो?
नांगराचं खात नाय त्या दिवशी."

या तळ्यात नांगर कधी आला नाही.
पण ज्या फुलाची धूळ आली
त्याच्या मुळाखालून बैल चालले होते.
माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.

तीच उत्तर देते, दाणे पदरात ओतत :
"बैल आमचंच होतं. मोऱ्या नि चांद्या.
घरातच म्हातारं झालं. त्यांची कसली हरकत!"

निघताना वाकून ती
मागे राहिलेल्या हिरव्या लोंब्यांना
एकेक गाठ मारत जाते.
"आता झडत नाही ना," मी म्हणते.

"मला नको सांगू.
हाताला सांग."