डेंट, एक

मकरपुऱ्याच्या गॅरेजात
विम्याच्या कागदावर मी लिहितो:
डेंट, एक. मागचा दरवाजा, डावा.
जसुभाई म्हणतो, गोबो.
आई पितळी तांब्याला म्हणायची, पोचा आलाय.

डेंट म्हटलं की वर्षानुवर्षं मला दात दिसायचे,
रावपुऱ्यातल्या डेंटिस्टच्या पाटीमुळे असेल.
पत्र्याला कुणी चावून गेलंय, असं.
परवा जाडजूड कोशात पाहिलं:
दाताशी नातं नाही, फार तर शेजार.
जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणजे घाव.
खड्डा नव्हे, घाव.
तलवारीचा. विजेचासुद्धा.
पुढे घालणारे निघून गेले
आणि शब्द खोलगट जागेत बसून राहिला.

रकाना आहे: नुकसान कसे झाले.
शिरगोपीकर बाई सांगतात,
"पार्किंगमध्ये. कुणीतरी. मी नव्हते तिथे."
सगळे हेच सांगतात.
मी लिहितो, अज्ञात वाहन.

जसुभाई दाराचं अस्तर उचकटतो,
कोपरापर्यंत हात आत,
डोळे मिटून पत्रा चाचपतो,
मग आतून ठोकतो. ठक्.
थांबतो. ठक्.
जुन्या अर्थानं पाहिलं तर
हाही डेंटच.

"नीकळी जशे, साहेब."
पण उन्हात तिरपं पाहिलंत तर दिसेल,
हेही तोच सांगतो, पैसे घ्यायच्या आधी.

तांब्या घरी आहे अजून.
कुणी भिरकावला होता, कुणाच्या दिशेनं,
आम्हा तिघा भावंडांना ठाऊक आहे.
पाणी ओतताना
अंगठा नेमका पोच्यात बसतो.