आवक-जावक

बुधवारी चाळीस सुया दिल्या, एकतीस परत आल्या.
वहीत असंच लिहायचं. दोन रकाने, नाव कुणाचंच नाही.
नऊ कुठे गेल्या
ते मला ठाऊक आहे, थोडंफार.

बर्फाच्या कारखान्यामागे एक मोडकी होडी आहे, उपडी घातलेली.
तिच्या पोटाखाली बसायचो आम्ही, दिगू मोंडकर आणि मी.
सिरिंज एकच. आधी तो, मग मी,
कधी आधी मी. दोस्तीत क्रम कोण लावतो.
मध्ये खाऱ्या पाण्यात विसळून घ्यायचो.
समुद्र सगळं धुतो, दिगू म्हणायचा;
त्याच्या घरात तीन पिढ्या मासळी धुतलेली,
त्याचं कसं खोटं पाडायचं?

ओरोसच्या बाईंनी कागद टेबलावर पालथा ठेवला होता.
बसा, म्हणाल्या. मी बसलेलाच होतो.
दिगू तपासायला आलाच नाही.
नारळी पौर्णिमेला होड्या सुटल्या तोवर
त्याला उचलायला एक माणूस पुरत होता.

मी गोळी घेतो. रात्री नऊला, सात वर्षं.
ती दुसरी, जिभेखालची, गेल्या मे महिन्यात सुटली.
आता पिशवी घेऊन मीच फिरतो मालवणच्या बंदरावर:
सुया, स्पिरिटचा कापूस, कंडोम,
आणि बोलणं, जे सगळ्यात जड.
पास्कूला सांगतो, सुई तुझी ती तुझीच.
झाकण नको, कापूस नको,
पाणीसुद्धा नको दुसऱ्याचं.
तो हसतो. वीस वर्षांचा आहे.
"सोड म्हणत नाहीस?"
म्हणतो की, तू ऐकशील त्या दिवशी.
तोवर ही घे.

सत्यवती कुबलने मला भर लिलावात गाठलं,
ओला हात कमरेवर.
"तुझ्याच पिशयेतली मा ही? सुंगटांत गावली माका.
रुतली आसती तर?"
बायका वळल्या. काट्यावरचा सुरमई घेणारासुद्धा थांबला.
चुकलं, म्हटलं. काय म्हणणार.
सुई डब्यात टाकली, तिच्यासमोरच वहीत
एकतीस खोडून बत्तीस केले.
तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
"आनी ह्यो आठ? खंय?"

शनिवारी ती आपणहून आली.
तेलाचा रिकामा डबा, झाकणाला भोक पाडलेलं,
आणि चुलीतला चिमटा.
डबा हलवला. आत खळखळ.
"पाच. होडयेखाली."
मग जरा खालच्या आवाजात,
"थंय माझो भाचो बसता.
तेका वळाखतंस?"

वहीत नावं नसतात, मी म्हटलं.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली,
दोन होड्या अजून यायच्या होत्या.
पदराने चिमटा पुसला, मग पदराकडे बघून
पुसायला नको होता हे तिच्या लक्षात आलं.

"तेका," म्हणाली, "चार ज्यास्तीच दी."