गिट्टीखदानच्या बाजूनं

साडेतीन किलोमीटर.
ऐकणारा हसतो. एवढं तर आम्ही
दूध आणायला चालतो, म्हणतो.
हसू दे.
त्याला अजून माहीत नाही
की खालची काळी माती पाय सोडत नाही
आणि वरचा मुरूम पाय धरत नाही,
आणि या दोघांच्या भांडणात
माणूस किती वेळ जागच्या जागी धावू शकतो.

क्लबाचे आम्ही अकरा.
सगळ्यांचे टीशर्ट पोपटी,
कारण सुषमा बारापात्रेच्या भाच्याकडे
तेवढाच रंग शिल्लक होता.
पाऊस पहाटेच थांबलेला,
पण झाडं अजून तो हप्त्याहप्त्यानं फेडत होती.
(मी बँकेत आहे. मला असंच सुचतं.)

शिट्टीच्या आधी तुमानेकाका
लेसला तिसरी गाठ मारत होते.
वय बासष्ट. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर.
तीन वर्षं मी त्यांच्या मागे धावते आहे.
त्यांची पाठ मला पाठ आहे:
उजवा खांदा जरा खाली,
कॉलरच्या वर रापलेली एक पट्टी,
आणि चढ लागला की डावा हात असा बाहेर
जणू कुणाचं तरी बोट धरलंय.

प्रणय मेश्राम निघाला तसा दिसेनासाच झाला.
त्याच्यामागे शबाना. मग तरोट्याची झुडपं
नुसती हलत राहिली.

पहिल्या शंभर पावलांत
बुटाला बूट लागला, मातीचा.
दुसऱ्या शंभरात त्याला टाच फुटली.
आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर
वावर नव्हतं कधी.
आज माझ्या दोन्ही पायांना होतं,
दोन-दोन किलो.

वळणावर मिनल घसरली, बसली,
बसल्या बसल्याच चार फूट खाली आली
आणि ओरडली, "थांबा न बे, माहा नंबर पडला!"
कुणी थांबलं नाही.
घाणेरीच्या जाळीत तिचा कागदी नंबर
पांढरा पांढरा हसत होता.

आणि मग, अर्ध्या चढावर,
काका उभे.
झाडाला हात लावून, एका काडीनं
बुटाचं वावर खरवडत.
"जा व पोट्टे," म्हणाले, "मी येऊन रायलो."
सत्तेचाळीस वर्षांची पोट्टी
गेली पुढे.

समोर कुणाचीच पाठ नाही.
नुसता चढ.
एवढा उंच तो कधीच नव्हता;
इतके दिवस अर्धा
त्यांच्यामागे झाकलेला असावा.

थोड्या वेळानं मागून श्वास आला,
शिट्टी व्हायच्या बेतात असलेल्या कुकरसारखा.
म्हणजे आता ते माझी पाठ बघत असणार.
कशी असेल माझी पाठ?
नवऱ्याला कधी विचारलं नाही.
शिंप्यानं मोजली असेल, पण बोलला नाही.
मी जरा ताठ झाले,
आणि ताठ झाले म्हणूनच
सपशेल.

तोंडात मुरूम. कानात मुरूम.
काका बाजूनं गेले, थांबले नाहीत,
हसत होते मेले,
"रेस म्हणजे रेस असते बाई!"
पुन्हा तीच पाठ. तीच पट्टी.
तो डावा हात.
मला इतकं हायसं वाटलं
की मी चिडायचं विसरले.

वर पोचलो. ते सव्विसावे, मी सत्ताविसावी.
वेळ किती लागला कुणालाच कळलं नाही,
घड्याळवाल्याचा मोबाईल डबक्यात गेला होता
आणि तो त्याला उलटा धरून झटकत होता.

दगडावर बसून
मी काकांची काडी मागून घेतली.
खरवडता खरवडता विचारलं,
"माझी पाठ कशी आहे हो?"
त्यांनी विचार केला. खरंच केला.
"डावीकडं झुकतेस तू.
अन् टीशर्टाचं लेबल बाहेर निघून आहे.
सकाळपासून."

मी हात मागे नेला, लेबल आत ढकललं.
मानेवर काळ्या मातीची चार बोटं
आंघोळीपर्यंत होती.